बॅटरी कोणी धरली होती?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात ही बातमी कोणाला नवी नाही. रात्रीतून अज्ञात इसमांनी केळीची खोडं कापून फेकली, ऐन निसवलेली बाग आडवी, पोलिसांत गुन्हा दाखल. वाचताना जीव हळहळतो. निसवलेली बाग म्हणजे वर्षभराचं पाणी, खत, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज, सगळं घडात उतरायची वेळ. पण हळहळून होत नाही तोच चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतं, "कोनाशी वाकडं व्हतं त्याचं?"

या प्रश्नात बागवाल्यावर आरोप काही नाही. तरी तो विचारला गेल्यावर बागवाला आधीइतका निर्दोष राहत नाही. त्याच्याही खात्यावर काहीतरी असेल, एवढी फट पडलेली असते. सूडाच्या थरारकथेचा सगळा जीव त्या फटीत असतो.

माझा भाचा असल्या मालिका मोबाइलवर एका रात्रीत संपवतो आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी विचारतो, "मामा, मग नेमकी चूक कोणाची?" त्याला समजावायला मी एक गोष्ट रचली. गोष्ट बनवलेली आहे, गावाचं नाव विचारू नका.

एका शेतकऱ्यानं व्यापाऱ्याला उधारीवर केळी दिली. पैसे बुडाले, चेक वटला नाही. वर्षभर हेलपाटे झाले. शेवटच्या खेपेला व्यापाऱ्यानं चार लोकांत त्याचा पाणउतारा केला. परत येताना बसस्टँडवर त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच गेला. मागं बायको, दोन मुलं आणि जुना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आई रोज दिवा लावताना खुंटीवरच्या टोपीकडं बघते आणि एवढंच म्हणते, "मान खाली घालून गेले तुमचे बाप." एका अवसेला धाकटा मुलगा कोयता घेऊन निघतो. सालदार बॅटरी धरतो. ओसरीवरचा थोरला भाऊ जागाच आहे. फाटकाची कडी वाजलेली तो ऐकतो आणि कूस बदलतो. पहाटेपर्यंत व्यापाऱ्याची एक एकर बाग, दीड हजार खोडं, भुईला मिळालेली. सकाळी कळतं की जमीन व्यापाऱ्याची असली तरी ती निम्म्या बटाईनं कसत होता भलताच माणूस. या भांडणात त्याचं घेणं ना देणं. त्याच्या पोरीचं लग्न त्याच घडांच्या भरवशावर ठरलेलं होतं.

बऱ्याच सूडकथा बाग कापून झाली की संपतात. चांगली सूडकथा सकाळी सुरू होते.

नैतिक संदिग्धता हा शब्द जड वाटतो, पण गोष्ट साधी आहे. "व्यापाऱ्यानं त्याच्या बापाला धुळीला मिळवलं" हे खरं. "त्यानं एका गरिबाचं वर्ष कापून टाकलं" हेही खरं. पहिल्या वाक्यानं दुसरं पुसलं जात नाही आणि दुसऱ्यानं पहिलं खोटं पडत नाही. वाचकाला दोन्ही एकाच वेळी धरून बसावं लागतं, आणि त्याची चुळबुळ होते. त्या चुळबुळीला हे भारदस्त नाव आहे. "सगळेच सारखे वाईट" असा त्याचा अर्थ काढणं हा आळस झाला. आमच्या गोष्टीत बटाईदार वाईट नाही. व्यापारी वाईट आहे. धाकट्याबद्दल मात्र एका शब्दात निकाल देता येत नाही.

मालिकावाल्यांना हल्ली "ग्रे शेड" नावाचा रोग झालाय. खलनायकाला लेकरासाठी खेळणं घेताना दाखवलं की झाला तो म्हणे करडा! मांजराला दूध पाजणारा खुनी हा मांजर आवडणारा खुनी असतो, बस. संदिग्धता माणसाच्या स्वभावाला चिकटवता येत नाही, ती त्याच्या कृत्यातून निघावी लागते. ज्या हातानं बापाची शान राखली त्याच हातानं बटाईदार बुडाला, तर गुंता खरा.

हा गुंता कायद्यालाही चुकलेला नाही. आपल्याकडं गंभीर आणि अचानक डिवचलं गेल्यामुळं भान सुटून माणूस मारला, तर कायदा तो खून धरत नाही, सदोष मनुष्यवध धरतो. "अचानक" म्हणजे किती वेळ, याचं उत्तर मुंबईच्या नानावटी खटल्यात आहे. १९५९ साली नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली घड्याळ पाहिलं. नानावटी घरातून निघाले दुपारी दीडला, खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मधे बायकापोरांना सिनेमाला सोडणं झालं, जहाजावर जाऊन पिस्तूल आणणं झालं. जवळजवळ तीन तास. एवढ्या वेळात माणूस ताळ्यावर येऊ शकतो, म्हणून सवलत नाकारली गेली.

सूडकथा ही तीन तासांच्या पलीकडची असते. धाकट्यानं अवस कधी आहे ते पंचांगात पाहिलं होतं. म्हणजे राग थंड होऊन त्याचा बेत झाला होता. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: डूख धरणं. शब्द सापावरून आलेला. वचपा काढणं, उट्टं काढणं यांत निदान घेण्यादेण्याचा हिशेब तरी ऐकू येतो. डूख धरणाऱ्याला हिशेब नसतो, वाट बघणं असतं. लेखकाची करामत ही की आपण पंचांग विसरून धाकट्याबरोबर बागेत शिरतो आणि शेवटचं खोड पडेपर्यंत मनातल्या मनात "काप" म्हणत राहतो. सकाळी बटाईदार डोक्याला हात लावून बांधावर बसलेला दिसला की लाज धाकट्याआधी आपल्याला वाटते. असं झालं नाही, तर कथा फसली समजा.

बरा म्हणावा असा मुलगा इथवर पोचला कसा? अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी माणूस आपल्या सदसद्विवेकाला गुंगी कशी देतो याचा पुष्कळ अभ्यास केला. कृत्याला सौम्य नाव देणं, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं, ती पाच जणांत वाटून टाकणं, "त्यानं केलं त्यापुढं हे काहीच नाही" म्हणणं, समोरच्याला माणसातून काढणं, अशा त्या तऱ्हा. आमच्या गोष्टीत त्यांतल्या काही खानदेशी बोलीत येतात. धाकटा म्हणतो, "मी माणसाले हात नही लावला, झाडं कापले." आई म्हणते, "मी त कोनाले काही सांगितलं नही." सालदार म्हणतो, "मी त फक्त बॅटरी धरली व्हती." थोरला तर काहीच म्हणत नाही. त्यानं कूस बदलली, तेवढंच. चौघांचंही अक्षरशः खरं आहे, कोणी खोटं बोलत नाही. संवाद लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: अपराधी माणूस सहसा खोटं बोलत नाही, तो खऱ्यातला सोयीचा तुकडा उचलतो.

अपराधीपणाबद्दल बोलायचं तर आधी एक गल्लत सोडवू. लाज आणि टोचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाज म्हणते, मी वाईट आहे, लोक काय म्हणतील. टोचणी म्हणते, मी वाईट केलं, त्या माणसाचं आता काय होईल. लाजेला लपावंसं वाटतं. टोचणीला जाऊन भरपाई करावीशी वाटते. थरारकथेत पात्र आरशासमोर उभं राहून तोंडावर पाणी मारतं, तेव्हा ते बहुधा लाजेत असतं. टोचणी दाखवायची तर त्याला बटाईदाराच्या दारात न्यावं लागतं, आणि तो प्रसंग लिहायला अवघड असतो.

आमच्या भागातल्या माणसाला टोचणी दाखवायला आरसाही लागत नाही. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, हे घड वाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत. त्या कामाचे कपडे वेगळेच ठेवलेले असतात. धाकट्यानं अंधारात हातात आला तो सदरा घातला होता, आणि तो निघाला बापाचा. आई तो धुते, सोडा लावते, पुन्हा धुते, आणि डाग कशाचा आहे हे विचारत नाही. तिला विचारायची गरज नाही, हे तिचंही उत्तर झालं.

मग सूड घेऊन धाकट्याला बरं का वाटत नाही? भाच्याला हे पटत नव्हतं. "हिशेब चुकता झाला ना!" त्याला मी दोन प्रयोग सांगितले. २००४ साली झुरिकच्या संशोधकांनी पैशाच्या खेळात फसवलेल्या लोकांचे मेंदू तपासले. फसवणाऱ्याला शिक्षा करायचं ठरवताना मेंदूचा बक्षिसाशी जोडलेला भाग जागा होत होता. म्हणजे सूडाचा विचार गोडच लागतो. पुढं २००८ साली कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या अमेरिकी संशोधकांनी अशाच खेळात काही जणांना शिक्षेची संधी दिली, काहींना दिली नाही. शिक्षा केली की बरं वाटेल असा सगळ्यांचा अंदाज होता. शिक्षा करणाऱ्यांना उलट जास्त वाईट वाटलं, कारण त्या माणसाचा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. शिक्षा न केलेले विसरून आपापल्या कामाला लागले. प्रयोग छोट्या रकमांचे होते, खुनाबिनाचे नव्हते, त्यामुळं फार ताणू नये. पण धाकट्याला झोप का लागत नाही याचा काही अंदाज त्यातून येतो. आधी त्याच्या डोक्यात एकटा व्यापारी होता, आता बटाईदारही मुक्कामाला आलाय.

"पण बाग बटाईनं दिलीय हे त्याला माहीत नव्हतं," भाचा म्हणाला. बरोबर. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १९७६ साली एक उदाहरण दिलं होतं. ट्रक ड्रायव्हर नीट चाललाय, अचानक मूल चाकाखाली येतं. चूक त्याची काडीची नाही. लोक समजूत घालतात, तुझा काय दोष. पण तो जर पाचव्या मिनिटाला "हो, माझा काय दोष" म्हणून चहा प्यायला बसला, तर तेच लोक त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. निर्दोष असूनही काहीतरी त्याच्या हातून झालं, आणि त्या "हातून" शब्दाचं ओझं त्याला वाहावंच लागतं. धाकटा मात्र हा ड्रायव्हर नव्हे. कोणाची बाग कापतोय हे त्याला माहीत नव्हतं, पण कापतोय हे माहीत होतं. त्याची टोचणी ड्रायव्हरच्या खंतेचा कोट घालून येते. "मला काय माहीत" हे तो दहादा म्हणतो, तेव्हा आपण ओळखावं की पहिल्या नऊ वेळा ते त्याला स्वतःलाच पटलेलं नाही.

अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथं मोठमोठ्या पंडितांनी वेदान्ताचा कीस पाडला. मला मात्र अपराधाचं तत्त्वज्ञान थोडंफार कळलं ते नंदुरबारकडच्या अस्तंब्याच्या डोंगरामुळं. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात हे शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथं यात्रा भरते, आदिवासी तरुणांचे जथे रात्रीचा डोंगर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो या दऱ्यांत फिरतो, जखमेवर घालायला तेल मागतो, आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे.

महाभारतातलं सौप्तिकपर्व ही आपल्याकडची सगळ्यात कडक सूडकथा. अश्वत्थाम्याच्या बापाला, द्रोणाला, अर्धसत्य सांगून शस्त्र ठेवायला लावलं आणि धृष्टद्युम्नानं मारलं. ते अर्धसत्य युधिष्ठिराच्या तोंडचं. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चाले, तो त्या क्षणी खाली टेकला. म्हणजे ज्यांचा सूड घ्यायचा तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. धृष्टद्युम्न तरी कोण? द्रोणानं केलेल्या अपमानाचा सूड घेण्यासाठी द्रुपदानं यज्ञातून मिळवलेला मुलगा. धागा मागं ओढत गेलात तर दोन बालमित्रांच्या भांडणापाशी पोचता.

युद्ध संपलेल्या रात्री कौरवांकडचे तिघंच उरले: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. वडाखाली बसलेले असताना घुबडानं झोपलेले कावळे मारलेले अश्वत्थाम्यानं पाहिले आणि त्याला वाट सुचली. कृपाचार्यांनी अडवलं. आज झोप, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू, झोपलेल्यांना मारणं बरं नव्हे. कृप त्याचे मामा. मामानं सांगायचं तेवढं सांगितलं. आणि मग? मग तेही उठून गेले. अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरात शिरला, त्यानं धृष्टद्युम्नाला तुडवून मारलं, द्रौपदीच्या पाच मुलांना कापलं. कृप आणि कृतवर्मा शिबिराच्या दारात उभे राहिले. जीव घेऊन बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी मारलं, शिबिराला आगही लावली.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो, पण माझी नजर कायम आतल्या अश्वत्थाम्यावर असायची. दारातल्या मामाकडं फार उशिरा गेली. चूक आहे हे ज्याला ठाऊक होतं, ज्यानं ते तोंडानं बोलूनही दाखवलं, तो दारात उभा होता. आत जाणाऱ्याजवळ निदान आंधळा राग होता. दारातल्याजवळ तोही नव्हता.

पुढं दोघांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. कृपाचार्य जगले, आणि पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा परीक्षिताचे गुरू म्हणून युधिष्ठिरानं त्यांनाच नेमलं. ज्या घराची पोरं कापली गेली त्याच घराच्या नातवाला शिकवायचं. ही शिक्षा होती की क्षमा, व्यास काही सांगत नाहीत, आणि मला वाटतं न सांगण्यातच त्यांचं मोठेपण आहे. कृतवर्म्याचं वेगळं. युद्धानंतर ३६ वर्षांनी, प्रभासक्षेत्री यादव दारू पिऊन बसलेले असताना सात्यकीनं त्याला टोमणा मारला: झोपलेल्यांना मारणारा तू! बोलाबोली वाढली, सात्यकीनं त्याचं डोकं उडवलं आणि तिथून सगळं यादवकुळ आपसांत कापाकापी करून संपलं. छत्तीस वर्षं कोणी बोललं नव्हतं. सूडकथेत जुनं रहस्य दुसऱ्या पिढीत का फुटतं, हे कोणी विचारलं तर मी हेच पान उघडतो.

द्रौपदीचंही एक आहे. महाभारतात ती अश्वत्थाम्याच्या नाशासाठी अन्नपाणी सोडून बसते, शेवटी त्याच्या कपाळीचा मणी घेऊन थांबते. भागवतात तीच द्रौपदी म्हणते, सोडा त्याला, मी रडतेय तशी त्याची आई रडू नये. दोन ग्रंथ, एकच बाई. मला दोन्ही खऱ्या वाटतात. एकाच बाईच्या मनात सकाळ-संध्याकाळ असं होऊ शकतं.

खलनायकाच्या टोचणीबद्दल फार लिहीत नाही, तिथं खेळ पुष्कळांना जमतो. ज्या नाटकाला आगरकरांनी १८८३ साली "विकारविलसित" म्हणून मराठीत आणलं, त्या "हॅम्लेट"मधला भावाचा खून करून गादीवर बसलेला राजा प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि त्याला प्रार्थना करता येत नाही. राज्य आणि राणी, ज्यासाठी खून केला ते अजून त्याच्याकडंच आहे. ते न सोडता क्षमा मागायची कशी? आमच्या व्यापाऱ्याला रात्री घाम फुटतो असं मी दाखवू शकतो. जोवर तो त्या जुन्या चेकचे पैसे देत नाही, तोवर तो घाम उकाड्याचा समजावा.

भाच्याला गोष्टीचा शेवट हवा होता. मी म्हटलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येऊ दे. आपल्याकडं सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं. वर्षात तो एकच दिवस असा, की तो मालकाला नाही म्हणू शकतो. अवसेच्या रात्री त्याला "येत नाही" म्हणायची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवलाय. सालाचे पैसे त्यानं आगाऊ उचललेले होते. चूल त्यावर चालत होती. त्याचा वाटा धाकट्याइतका धरायचा की नाही, यावर आम्हा मामा-भाच्यांचं अजून भांडण आहे.

तर आखाजीला सालदार धाकट्याकडं साल धरत नाही. सणाचं जेवतो, आईच्या पाया पडतो, आणि पायी चालत बटाईदाराकडं जाऊन उभा राहतो. "पगार काय द्याचा तो द्या," म्हणतो. बटाईदाराला नवल वाटतं, पण माणूस कामाचा आहे, तो ठेवून घेतो. कापलेल्या बुंध्यांच्या बाजूनं पिलं फुटलेली असतात. सालदार सकाळपासून त्यांतली जोमाची ठेवतो, बाकीची काढतो, ठिबकच्या नळ्या सरळ करतो. दुपारी बटाईदाराची बायको भाकर देते तेव्हा तो मान वर करत नाही.

अश्वत्थाम्याला शाप होता तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा, कोणाशी बोलणंही नाही. सातपुड्यातल्या लोकांनी त्या शापात आपल्या मनानं दुरुस्ती केली आणि त्याला तेल मागण्यापुरता तरी बोलू दिलं. त्याची जखम कपाळावर आहे, तेल देणाऱ्याला कोणाला देतोय ते दिसतं.

"आणि सालदार सांगतो का मग," भाच्यानं विचारलं, "बॅटरी आपनच धरली व्हती म्हनून?"

"एवढ्यात नाही," मी म्हटलं. "आज पिलं काढायचं काम चाललंय."